टावरशेठची रेघ

दिव्याचं बटण दाबण्यापूर्वी ते तीनदा विचारायचे. "कोणी हाय का?" थोडं थांबून पुन्हा, "कोणी हाय का?" आणि तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. घरात दुसरं कुणी नसलं तरी. मंठ्याला त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी जिन्याखालून हा आवाज आला आणि मी आतून कडी लावून घेतली. गाव नवं, मी एकटी, आणि घरमालक अंधारात उभा राहून रिकाम्या घराला विचारतोय. सकाळी उठून दुसरी खोली शोधायची असं ठरवूनच झोपले.

सकाळी तेच दारात उभे. हातात तांब्या, डोक्याला पांढरा रुमाल. "मॅडम, रात्री भिल्या का तुम्ही? कडीचा आवाज आल्ता. माझी सवय हाय ती. लक्ष नका देऊ." एवढं बोलून तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि खाली गेले. मी खोली शोधली नाही. अडीच वर्षं तिथंच राहिले.

मी परभणीची. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला मंठ्याला आले होते. घरमालकांना मी काका म्हणायची; त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. तीन पिढ्या गावात कापडाचं दुकान. भाऊ, पुतणे अजूनही दुकानात बसत. हे एकटेच टेलिफोनच्या नोकरीत गेले. डोंगराडोंगरांवर मोठमोठे टॉवर असायचे, एकाकडून दुसऱ्याकडे मायक्रोवेव्हवर लोकांचे ट्रंक कॉल जायचे, त्या टॉवरांखालच्या खोल्यांमध्ये त्यांची तीस वर्षं गेली. गावात त्यांना टावरशेठ म्हणत. बायको वारलेली, मूल नाही. भावजय दिवस मावळायच्या आत डबा पाठवायची, कारण अंधार पडल्यावर ते खात नसत.

त्या तीन हाकांचं कारण त्यांनी सांगितलं ते पुष्कळ दिवसांनी, आणि तेही मी विचारलं नसताना. टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा गेला होता. एक सहकारी दुरुस्तीला वर चढला होता. काका खाली बोर्डापाशी. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "उतरला तो." काकांनी खटका खाली केला.

"उतरला नव्हता," ते म्हणाले. "जीव वाचला त्याचा. पण परत उभा न्हाई राह्यला. मी बाहेर जाऊन मान वर करून बघितलं असतं तर किती येळ लागला असता? मंग तेव्हापासून ठरवलं. दुसऱ्याच्या सांगण्यावर खटका दाबायचा न्हाई."

नुसता खटकाच नाही. दूधवाल्यानं अर्धा लिटर म्हटलं की ते आपल्या मापानं पुन्हा मोजायचे. भिंतीवरचं घड्याळ रेडिओच्या टिकटिकीशी रोज लावून बघायचे. मी गॅस बंद केलाय असं सांगितलं की मान डोलवायचे आणि थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून वर येऊन शेगडी बघून जायचे. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर मीच शेगडीपाशी बाजूला सरकून उभी राहायला लागले.

गच्चीवरचा त्यांचा उद्योगही यातूनच निघाला होता. गच्चीच्या पूर्वेच्या टोकाला एक लाकडी घडवंची आणि पश्चिमेच्या टोकाला दुसरी. दोन्हींवर एकेक पितळी कर्णा, चौकोनी तोंडाचा, एकमेकांकडे रोखलेला. मागं छोट्या पेट्या. जालन्याच्या भंगार बाजारातून वर्षानुवर्षं एकेक भाग शोधून त्यांनी ते जुळवलं होतं. दोन्ही पेट्या एकाच सुराच्या मायक्रोवेव्ह लहरी काढायच्या, एकीची लहर दुसरीकडे जायची, आणि दोघींचा मेळ बसतो का ते जिन्याखालच्या खोलीतलं यंत्र कागदावर पेनानं रेघ मारून सांगायचं. मायक्रोवेव्ह म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच. पृथ्वी फिरते तसा गच्चीवरचा कर्णाही फिरतो. सकाळी त्याचं तोंड आकाशातल्या एका दिशेला, संध्याकाळी बरोबर उलट. प्रकाशाचा वेग सगळ्या दिशांना सारखा असेल तर रेघ सरळ यायची. कमीजास्त असेल तर रेघ वाकडी होणार.

"काका, हे मोठमोठ्या प्रयोगशाळांनी कितीदा तपासलंय. तुमच्यापेक्षा शेकडो पटींनी बारकाईनं," मी म्हटलं.

"तपासलं असंल की."

"मग?"

"मी न्हाई तपासलं."

प्रकाशाच्या या सारख्या वेगावर उभी असलेली सापेक्षता खोटी पाडायला निघालेले लोक मला माहीत होते. कॉलेजात अशांची पत्रं यायची. काका त्यातले नव्हते. ती खरीच निघावी म्हणून ते गच्चीवर बसले होते. तीस वर्षं त्या वेगाच्या भरोशावर लोकांचे जन्ममरणाचे निरोप या डोंगरावरून त्या डोंगरावर पाठवले, आणि आपण तो भरोसा एकदाही स्वतः पाहिला नाही, हे त्यांना निवृत्तीनंतर खायला लागलं होतं.

यंत्र चालू करण्याआधी ते बॅटरी घेऊन दोन्ही कर्ण्यांत डोकावायचे. मुंगी असली तर मोरपिसानं अलगद बाहेर काढायचे. एकदा कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधलं. पिलं उडून जाईपर्यंत प्रयोग बंद. आणि यंत्र चालू असताना गच्चीवर कुणी जायचं नाही, ते स्वतःसुद्धा नाही. माणसाच्या अंगावरून लहर परतते आणि रेघ बिघडते. माझे कपडे त्या काळात खोलीतच वाळायचे.

शेजारी, गच्चीच्या उत्तरेला, आपांचं घर. आपांचे मालक पत्र्याच्या कोठ्या आणि कूलर बनवायचे. त्यांच्या अंगणात दिवसभर ठोकाठोक. घर बैठं, पण अंगणाला लागून दहाबारा पायऱ्या चढून एक उंच ओटा होता, आमच्या गच्चीच्या कठड्याला भिडलेला. आपांची सून नसरीन. लग्नाला चार वर्षं झालेली. एकदा पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्या हिवाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले आणि आपा आमच्याकडे आल्या.

काकांसमोर त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "शेठ, तुमचं ते मशीन आमच्या अंगनाकडं बघतंय का?"

"न्हाई आपा. ते एकमेकाकडं बघून राह्यलं. तुमच्याकडं येतं ते नावाला. तुमच्या खिशातल्या मोबाईलपेक्षा कमी हाय."

"लोक म्हनतात टावरच्या लहरीनं पोटातलं ऱ्हात न्हाई."

"चला, मी मीटर लावून दाखवतो तुमच्या भिंतीपाशी."

आपांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाल्या, "मीटर तुमचं, शेठ. सांगनार बी तुम्हीच."

आपा माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी कालेजात शिकवता. तुमी सांगा. काही होत न्हाई ना?"

"नाही होत," मी म्हटलं. आकडे मला माहीत होते. उत्तर बरोबर होतं. पण त्या जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता त्या बाळाचं काही झालं, कशानंही झालं, तरी माझा हा शब्द त्या घरात राहणार. त्यानंतर नसरीन अंगणात दिसली की मी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायची, मग पोटाकडे, आणि मग नजर फिरवायची.

जानेवारीच्या मध्यावर काकांच्या रेघेवर टेकाड आलं. दुपारी एकच्या सुमाराला रेघ एकदम वर चढायची, दीडेक तास तशीच राहायची आणि खाली यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

"उन्हामुळं असेल," मी म्हटलं. "पेट्या तापत असतील."

"असंल," ते म्हणाले. त्यांनी पेट्यांवर गोधड्या घातल्या, वर ओली पोती. टेकाड तसंच. विजेचा दाब तपासला. तसंच. मग त्यांनी मला खाली बोलावून कागद दाखवला आणि एक साधी गोष्ट सांगितली. ऊन असेल तर टेकाड घड्याळाला धरून राहील. पण तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात; महिन्यात दोन तास. म्हणजे महिन्यानंतर टेकाड एकलाच आलं तर ते उन्हाचं, आपल्या घरातलं. अकराला आलं तर ते आभाळातलं.

"मंग वाट बघायची," ते म्हणाले.

पहिल्या आठवड्यात टेकाड पाऊण वाजता आलं. मग साडेबाराला. कधी दहापंधरा मिनिटं मागंपुढं व्हायचं, पण सरकत होतं मागंच. फेब्रुवारीच्या मध्याला मी कॉलेजातून आले तर काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेले. भावजयीचा डबा शेजारी, उघडलेला नाही. दिवस मावळत आला होता.

"अकरा," ते म्हणाले.

मी कागद बघितला. आपल्या यंत्रात चूक आहे, असलीच पाहिजे, हे मला कळत होतं. जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा चुकल्या आणि मंठ्यातली एक गच्ची बरोबर, असं होत नसतं. पण ती चूक मला सापडत नव्हती, आणि कागदावरचं टेकाड ताऱ्यांच्या वेळेनं चालत होतं.

"काका, समजा खरं निघालं," मी उगाच हसून म्हटलं, "तर जगभर नाव होईल तुमचं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला ते हसू आवरून घ्यावं लागलं. "घराचा पाया हललाय असं कळलं तर कोणी पेढे वाटतं का, बेटा?" ते पहिल्यांदाच मला बेटा म्हणाले. "ह्या एका गोष्टीवर किती काय उभं हाय तुला माझ्यापेक्षा जास्त मालूम हाय. मी ते मोजायलाच नको होतं."

डबा तसाच परत गेला. पुढं तो बरेचदा तसाच परत जाऊ लागला. ते कागदाच्या गुंडाळ्या पेटीत घालून कुलूप लावायचे. कुणी आलं तर जिन्याखालच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. रस्त्यानं चालताना भिंतीला हात लावत चालायला लागले. काकांचे भाऊ मला एकदा दुकानासमोर थांबवून म्हणाले, "मॅडम, दादाला काय झालंय? आमच्याशी बोलून नाही राह्यला तो." प्रकाशाची भीती बसलीय, असं कसं सांगणार?

एक दिवस सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा त्यांनी मला दारात अडवलं. "बेटा, पोरींना तो वेग सगळीकडं सारखा असतो असं सांगू नको थोडे दिवस. बिलकुल खात्री न्हाई आता."

"काका, अभ्यासक्रमात आहे ते."

"मंग सांग. पण जोर देऊन सांगू नको."

त्या दिवशी फळ्यावर प्रकाशाच्या वेगाचं c हे अक्षर लिहिलं आणि माझा खडू थांबला. पुढच्या बाकावरच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी पुढचं समीकरण लिहिलं, पण माझा आवाज मलाच परका वाटला.

मार्चमध्ये टेकाड नऊवर आलं.

पाडव्याच्या सुट्टीला मी घरी होते. ब्लाऊजला बटणं लावून घ्यायची होती, ती नसरीन लावून द्यायची. सकाळी नऊसव्वानऊला मी आपांकडे गेले. अंगणात कुणी नव्हतं. ओट्यावरून आवाज आला तशी पायऱ्या चढले. नसरीन बाजेवर उन्हाला बसली होती, पाय लांब करून, पोट आता चांगलं दिसत होतं. आणि तिच्या मागं, आमच्या गच्चीच्या कठड्याला टेकवून, कोठीचा एक अख्खा पत्रा उभा होता. पुरुषभर उंचीचा, नवा कोरा, उन्हात चकाकत. दोन्ही बाजूंनी विटा लावलेल्या.

मी तशीच उभी राहिले. मला ते एका क्षणात कळलं.

आपा मागून आल्या. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, शेठला सांगू नका. बुरा मानतील. ती उन्हाला बसती तेवढाच येळ लावते मी. झालं की काढून ठेवते."

"रोज लावता?"

"रोज. डाक्टरनं उन्हाला बसा म्हनलंय. तुमी म्हनल्या काही होत न्हाई, ते बराबर असंल. पन मागच्या टायमालाबी सगळे काही होत न्हाई म्हनत होते."

"कधीपासून आपा?"

"थंडीपासून की. आधी दुपारी बसायची. मंग ऊन तापाया लागलं तसं लवकर बसाया लागली. आता नऊलाच चटका बसतो."

लहर त्या पत्र्यावर आपटून परत येत होती. जितका वेळ पत्रा, तितका वेळ टेकाड. ऊन तापत गेलं तसं पोरीचं बसणं लवकर होत गेलं, आणि योगायोगानं ते ताऱ्यांच्या चालीशी जुळत गेलं. कुणी गच्चीवर जायचं नाही हा नियम आमचाच. म्हणून तो पत्रा आम्हाला दोन महिने दिसला नाही.

काकांना सांगताना मला वाटलं होतं ते हसतील, निदान सुटकेचा श्वास टाकतील. ते कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"म्हंजे ती बाई रोज भिऊन राह्यली होती?"

"हो."

त्यांनी कागदाची गुंडाळी जमिनीवर उलगडली. एकेका टेकाडावर बोट ठेवत गेले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एकही दिवस सुटला नव्हता. "हे सगळं तिचं भेणं हाय," ते म्हणाले. "मी आभाळाचं समजून राह्यलो."

ते उठले, यंत्र बंद केलं आणि तसेच आपांच्या दारात गेले. मी मागं होते. आपा पदर सावरत बाहेर आल्या, घाबरलेल्या.

"आपा, पत्रा काढून ठेवा. पोरीला वारा लागू द्या. लेकरू होईपर्यंत मशीन बंद."

"शेठ, तुमचं काम..."

"माझं काम कुठं जात न्हाई. ते हजारो वर्षं हाय तिथंच हाय."

तरी दोनतीन दिवस आपा पत्रा लावत राहिल्या. मग काकांनी दोन्ही कर्णे घडवंचीवरून काढून त्यांच्या अंगणात आणून ठेवले, त्यांच्याच ताब्यात. तेव्हा पत्रा निघाला.

जुलैत एका सकाळी नसरीनला जालन्याला दवाखान्यात नेलं. बातमी कळली तशी मी बसस्टँडवर गेले, तर काका आधीच गाडीत बसलेले, खिडकीपाशी. दवाखान्यात ते आत आले नाहीत. बाहेरच्या बाकड्याजवळ उभे राहिले, बसलेही नाहीत. पाऊस भुरभुरत होता आणि त्यांचा रुमाल भिजला होता.

दुपारी नर्सनं येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं. बाळ, आई, दोघीही चांगल्या. आपा तिथंच भिंतीला डोकं टेकून रडायला लागल्या. मी बाहेर धावत गेले.

"काका, मुलगी झाली. सगळं व्यवस्थित आहे."

"तू बघितली?"

"नर्सनं सांगितलं."

"तू बघून ये."

मी परत आत गेले. तासाभरानं बघू दिलं. लालबुंद, मुठी आवळलेली, जोरात रडणारी पोर. बाहेर येऊन मी सांगितलं, हात बघितले, पाय बघितले, रडली, दूध प्यायली. तेव्हा ते बाकड्यावर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

"तुम्हीच म्हणाला होता ना काका, काही होत नाही म्हणून," मी हळूच म्हटलं. "तुम्ही तर मोजलं होतं."

"मशीन चालू होतं तवर रोज मोजत होतो," ते म्हणाले. "आपाला नको दिसायला म्हणून खालच्या बोळातून जाऊन भिंतीपाशी मीटर धरायचो. रोज काहीच न्हाई यायचं." त्यांनी ओला रुमाल काढून पिळला. "तरी बी रोज भेव वाटायचं, बेटा. मोजून बी जात नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी बसले. माझंही तेच होतं, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते.

दिवाळीनंतर आपांनी स्वतःच कर्णे परत पाठवले. नसरीन पोरीला घेऊन माहेरी, आष्टीला गेली होती. ती येईपर्यंत चालवा म्हणाल्या. काकांनी आधी आपांना गच्चीवर नेलं, सगळं दाखवलं, त्यांच्या हातात मीटर दिलं आणि त्यांच्या अंगणात त्यांनाच काटा वाचायला लावला. मग यंत्र सुरू झालं. दोन महिने चाललं. त्या दोन महिन्यांतही त्यांचं जेवण अर्धंच राहिलं. रोज सकाळी कागद बघायला जाताना ते दारात क्षणभर उभे राहायचे, मग आत जायचे.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांनी मला बोलावलं. "चल आपाकडं." काखेत कागदाची जाड गुंडाळी. नसरीन माहेराहून परत आली होती. आपा नातीला खांद्यावर घेऊन बसल्या होत्या. काकांनी फरशीवर कागद उलगडायला सुरुवात केली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागद पसरला, मग दाराबाहेर ओसरीत गेला. त्यावर एकच रेघ. थोडी थरथरती, पण सरळ. कुठं टेकाड नाही, खड्डा नाही.

आपा पोरीला थोपटत कागदाच्या कडेकडेनं चालत ओसरीपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"म्हंजे शेठ, येवढं करून काहीच न्हाई निघालं?"

"काहीच न्हाई निघालं, आपा."

आपांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.